टिनाच्या खोलीतलं प्लास्टिक

अमरावतीत कित्येक वर्षं मी प्लास्टिक थिजताना पाहिलं. ती पीएच.डी. होती, शिक्षा नव्हती. हा फरक मोर्शीच्या घरच्यांना मात्र मला शेवटपर्यंत पटवता आला नाही. काचेच्या पट्टीवर पॉलिमरचा पातळ पापुद्रा वितळवायचा, निवू द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. पापुद्रा थिजताना त्यात गोल गोल फुलं उमलतात, त्यांना स्फेरुलाइट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाच्या खास प्रकाशात प्रत्येक फुलावर एक काळी फुली दिसते. अकोल्याच्या आत्याला मी मोबाइलवर फोटो दाखवला, तर तिने तोंडावर हातच ठेवला.

"एवढ्या फुल्या! सगळ्यातच नापास झाली का वं?"

फुलं मोठी हवी असतील तर पापुद्रा फार सावकाश थिजावा लागतो, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. तेवढी ऊब धरून ठेवणारं आमचं यंत्र ऐन उन्हाळ्यात बंद पडलं आणि दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणत राहिला. मोठी फुलं नाहीत तर शेवटचं प्रकरण नाही, आणि प्रकरण नाही तर पदवी नाही. मी रडकुंडीला आले होते. गाईड सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंत्र कायले पाह्यजे? अकोला हाये न."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण सरांनी आयुष्यात कधी गंमत केलेली नाही.

आत्या एकटी राहते. तिच्या गच्चीवर टिनाची खोली आहे. मे महिन्यात दुपारी तिथे मांजरसुद्धा जात नाही. मी थर्मामीटर लावला. पंचेचाळीस! आणि काटा दुपारभर तिथेच. आमचं महागडं यंत्रही इतकं इमानी नव्हतं. स्लाइडवरचा पापुद्रा आत्याच्या पोळ्यांच्या तव्यावर वितळवला, स्लाइड वर नेऊन स्टुलावर ठेवली आणि शेजारी बसले. खिडकीतला कूलर अर्थातच बंद.

"काय करून राहिलं हे?" आत्याने विचारलं.

"थिजून राहिलं, आत्या. तूप थिजते न, तसं."

इथेच घोटाळा झाला. अकोल्याला मे महिन्यात तूप थिजत नाही, आणि न थिजणाऱ्या तुपाची आत्याला फार काळजी वाटते. मला डुलकी लागली. जाग आली ती गार वाऱ्याने. कूलर घरघरत होता आणि स्टूल बरोबर त्याच्या पुढ्यात.

"तुहं काही थिजतच नव्हतं बापा. म्या कूलर लावला. पाह्य, कसं झटक्यात थिजलं!"

मला इतका राग आला की मी तिने केलेलं पन्हं प्यायले नाही. मग प्यायले.

वाया गेलेली ती स्लाइड अमरावतीला सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि खुर्चीवरून उठले. मधोमध मोठाली फुलं, मग एकदम रेघ ओढल्यासारखी सीमा, आणि तिच्या बाहेर रव्यासारखी बारीक कणी. ती सीमा म्हणजे आत्याने कूलर लावला तो क्षण. इतकी स्वच्छ सीमा सरांनी पाहिली नव्हती.

"काय केलं हे?"

"मी नाही सर. आत्या."

"पुन्हा कर," सर म्हणाले. एकदा घडलेल्या गोष्टीला आमच्याकडे कोणी विचारत नाही.

पुन्हा अकोला, पुन्हा टिनाची खोली. "आत्या, मागच्या खेपेले कूलर कवा लावला होता?"

"घड्याळ कोन पाह्यते? वाटलं तवा लावला."

"मंग आताही वाटलं तवाच लाव."

पण एव्हाना आत्या शास्त्रज्ञ झाली होती. गल्लीत सगळ्यांना प्रयोगाचं सांगून आली होती. बटणावर बोट ठेवून ती ताठ बसली. "आता लावू?" "तुले वाटलं तर लाव." "मले काय समजते? तूच सांग." असं किती वेळ चाललं कोण जाणे. घाम डोळ्यांत उतरला, थर्मामीटरचे आकडे पुसट झाले, आणि मी भिंतीला कधी टेकले ते मला कळलं नाही.

"मरू दे तुहं प्लास्टिक!" आत्या ओरडली. खट्‌कन कूलर सुरू झाला आणि माझ्या डोक्यावर ओला पदर आला. त्या घडीला मला पदवी नको होती. तो वारा तेवढा हवा होता.

त्या स्लाइडवर तीच सीमा आली, तितकीच स्वच्छ. प्रकरण झालं, प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला आत्या अकोल्याहून पेढे घेऊन आली आणि मागच्या रांगेत बसली. पडद्यावर फुल्याच फुल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "नमुना नेमका याच क्षणी गार करायचा, हे कशावरून ठरवलंत?"

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. "निरीक्षणावरून, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्या कपाळावरचा घाम बघून ती उठली होती आणि भिंतीवर पंख्याचं बटण शोधत होती.