मामांच्या घरचा एक माणूस

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका आशिया खंड ओळखणारा माणूस पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि या माणसाकडे पासपोर्ट नाही. त्यांचा स्वतःचा आशिया उत्तरेला वापीला सुरू होतो आणि दक्षिणेला दादरला संपतो. मध्यंतरी एका परिसंवादाला पुण्याला जाऊन आले, तर आठवडाभर प्रवासाच्या दगदगीबद्दल बोलत होते. पण पालघरच्या त्यांच्या दोन खोल्यांत बसल्या बसल्या ते तुम्हाला मलाक्काच्या सामुद्रधुनीतून असे काही नेतात, की ऐकणाऱ्याला बोट लागावी. जन्मभर त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "आधी मंगोल आले, मग मिंग आले. मधे वेळच मिळाला नाही."

मी मुळात बोलणारा माणूस नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात वीसेक वर्षं नोकरी केली की माणसाची तोंड बंद ठेवायची सवय पक्की होते. पण मामांबद्दल एकदा मोकळेपणाने सांगून टाकायचं ठरवलं आहे. त्यात माझ्याबद्दलही थोडं येईल, त्याला इलाज नाही.

मामा पुस्तकं विषयांनुसार लावत नाहीत, वाऱ्यांनुसार लावतात. पश्चिमेच्या भिंतीला अरबस्तान, इराण आणि आफ्रिकेचा किनारा. पूर्वेच्या भिंतीला जावा, सुमात्रा, व्हिएतनाम, पुढे जपान. चीन कुठल्याच भिंतीला मावेना म्हणून तो स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर. एकदा माझ्या बायकोने भाजीला मोहरी कुठे आहे म्हणून विचारलं, तर आतून उत्तर आलं, "मांचुरियाच्या मागे." नवं पुस्तक आलं की ते आधी शेवटून उघडायचं, मागची सूची वाचायची, असा त्यांचा नियम. सूचीत भात, मीठ आणि मासे हे तीन शब्द आहेत का ते बघतात. नसले तर पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला सरकवतात आणि म्हणतात, "याने आशिया विमानातून पाहिलेला दिसतो." पुस्तक उसनं मात्र कोणालाही देत नाहीत. फार आग्रह केलात तर तुम्हाला समोर बसवून स्वतः वाचून दाखवतात. त्यापेक्षा विकत घेतलेलं परवडतं.

पुस्तकांखालोखाल त्यांचं प्रेम मोर्चांवर. पालघरला जिल्ह्याचं ठाणं झालं आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे यायला लागले, तेव्हा मामांचा चेहरा असा उजळला होता जसं काही गावात थिएटर आलं आहे. अंगणवाडीच्या बाया येवोत, जमिनीसाठी डोंगरातले आदिवासी येवोत, किनाऱ्यावरचे मच्छीमार येवोत, मामा छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन हजर. पण चालायचे अगदी शेवटच्या रांगेत. घोषणा एकही द्यायची नाही, कारण त्यांच्या मते इतिहासकाराने ओरडलं की त्याला ऐकू येत नाही. ते लोकांच्या पायांतल्या चपला बघत, आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारत, "सकाळी काय खाऊन निघालात?" त्यांचा सिद्धान्त असा की घोषणा पुढाऱ्याची असते, शिदोरी लोकांची असते, मोर्चा किती दिवस टिकणार ते शिदोरी सांगते.

आणि प्रत्येक मोर्चात त्यांना आशिया दिसायचा. डोंगरातली माणसं इरली घेऊन आली, तर मामा हरखून सांगू लागले की जपानातले शेतकरीसुद्धा दाद मागायला निघाले की गवताचं असलंच पांघरूण अंगावर घेत, म्हणजे बघणाऱ्याला लांबूनच कळावं कोण आलंय ते. इरलंवाला म्हातारा म्हणाला, "आमी तं पावसासाठी आणलाय." दुसऱ्या एका मोर्चात जावा बेटावरच्या शेतकरी बायांनी राजधानीत जाऊन आपले पाय सिमेंटात रोवून घेतले होते, ती हकीकत त्यांनी पुढच्या बाईला रंगवून सांगितली. ती चालता चालता थांबली. "त्यांना सिमेंट कोणी दिला? आमच्या घरकुलाला मिलत नाय तो!" मामांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला. घरी येऊन दोन तास शोधलं, पण सिमेंट कोणी पुरवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "बघा जावईबापू," ते मला म्हणाले, "तिला जे सुचलं ते एकाही विद्वानाला सुचलं नाही."

एकदा मात्र त्यांच्या हातून गोंधळ झाला. किनाऱ्यावरच्या घिवली गावातल्या मच्छीमारांचा मोर्चा होता. कारखान्यांचं पाणी खाडीत सोडू नका, एवढीच मागणी. पाच जणांना आत सोडलं, आणि पांढरे केस नि चष्मा बघून पोलिसाने मामांनाही पाचांत धरून आत ढकललं. साहेबांनी विचारलं, "बोला, काय म्हणणं आहे?" आता समोर श्रोता, आणि तोही बसलेला! मामांनी चीनपासून सुरुवात केली. तिथे न्यायाधीशाच्या दाराशी मोठा ढोल टांगलेला असे, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने येऊन तो बडवायचा, वगैरे. साहेबांनी रस घेतला, चहा मागवला. ढोलावरून गोष्ट कोरियात गेली. वेळ संपली, साहेब पुढच्या बैठकीला उठले, आणि पाचही जण बाहेर आले तेव्हा अर्ज हिराबायच्या पदरातच होता.

ही हिराबाय म्हणजे घिवलीची, तीन बोटींच्या घरातली कारभारीण, आवाज असा की भरतीलाही मागे सरकावं. तिने कचेरीच्या पायरीवरच मामांना धरलं. "मास्तर, ढोल बडवाला गेलतो आपुन, का ऐकाला?" मामांनी हात जोडले. दुसरा कोणी असता तर त्याने त्या गावाचं तोंड पुन्हा बघितलं नसतं. मामा पुढच्याच रविवारी माफी मागायला घिवलीला गेले आणि संध्याकाळी येताना तिच्या घरामागची रिकामी खोली भाड्याने ठरवून आले. त्यांच्या इमारतीतले खालचे लोक आधीच कुरकुरत होते की पुस्तकांच्या वजनाने आमचं छत खाली येईल. तेव्हा अर्धा आशिया टेम्पोत भरून समुद्रकाठी गेला.

समुद्रकाठी काय होतं ते इतिहासकाराला माहीत नसलं तरी कोळणीला माहीत असतं. एका पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरली. मामा हवालदिल झाले. पाऊस सरल्यावर हिराबायने सगळी पुस्तकं अंगणात काढली आणि बोंबील सुकवायच्या बांबूंवर, मधून उघडून, पालथी टांगली. मी तेव्हा बायकोबरोबर गेलो होतो. वाऱ्यावर फडफडणारा तो आशिया मी विसरणार नाही. एका दांडीवर बोंबील, शेजारच्या दांडीवर ऑटोमन साम्राज्य. हिराबाय प्रत्येक पान चाचपून बघत होती. "मास्तर, तुमचा चीन सुकला. जपान अजून वला हाय, त्याला उद्या परत घालू." तेव्हापासून त्या पुस्तकांना जो वास लागला तो गेला नाही. मामांना तो आवडतो. म्हणतात, "आता सूची बघायला नको."

तर अशा रीतीने मामांचं घिवलीत घर झालं, आणि तिथेच ते अडकले. त्या गावाचा नियम आहे: मोर्चा ठरला की त्या दिवशी बोटी बंद, आणि घरटी एक माणूस आलंच पाहिजे. बाई चालेल, बाप्या चालेल, पण घरटी एक. निघताना घरांची नावं पुकारतात, आणि पोचल्यावर परत पुकारतात, म्हणजे मधेच कोणी सटकायला नको. ज्या घरातून कोणी आलं नाही, त्या घराला पुढे वर्षभर गाव कशात धरत नाही. मामांनी पहिल्यांदा सांगून पाहिलं की मी फक्त बघायला येतो. हिराबाय म्हणाली, "बघाला आला त्यानी गच्चीवर बसावा. तुमचा घर हाय ना गावात? मंग नाव पुकारला का हाय म्हनाचा." मामा शेवटच्या रांगेतून उठून मधल्या रांगेत आले. पहिल्या पुकाऱ्याला त्यांनी जे उत्तर दिलं, ते त्यांनी मला घरी येऊन तीनदा म्हणून दाखवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कोणीतरी आपल्याला घर म्हणून मोजलं याचा त्यांना शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला होता.

मी हे सगळं ऐकून घेत असे. ते पाणी माझ्याही कारखान्यातून जात होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एकदाच त्यांनी विचारलं होतं, "तुमचं पाणी कुठे जातं हो?" मी म्हटलं, "सिस्टीममध्ये." ते म्हणाले, "सिस्टीम कुठल्या समुद्राला मिळते?" मी चहा प्यायलो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला जास्त लागायचं. मुलांची शिक्षणं, बोईसरच्या फ्लॅटचे हप्ते, सगळं त्याच गेटमधून घरी येत होतं. घिवलीला गेलो की हिराबाय मला ताटभर जेवू घालायची, आणि मी कुठे काम करतो ते विचारायची नाही. मी सांगायचो नाही.

या हिवाळ्यात गावाने पुन्हा मोर्चा ठरवला. या वेळी पालघरला नाही, बोईसरलाच, वसाहतीच्या मोठ्या रस्त्याने. आणि मोर्चाच्या आधी चार दिवस मामा स्टुलावरून पडले. इंडोनेशिया काढायला चढले होते. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "गुरुवारी माझ्या घरचं कोण जाणार?"

मला वाटलं गुंगीत बोलताहेत. पण ते पूर्ण जागे होते. आयुष्यात कोणाकडे पेन मागितलं नाही त्या माणसाने माझ्याकडे बघून म्हटलं, "जावईबापू, माझ्या घरात माणूस कमी पडतोय."

मी बायकोकडे पाहिलं. घिवलीला जायला लागल्यापासून गेली तीन वर्षं तिने माझं सगळं मौन बिनबोभाट सांभाळलं होतं, पण त्या दिवशी तिने पदर खोचला. "मी इथे मामांजवळ थांबते. का तुम्ही थांबता? त्यांना दर दोन तासांनी भांडं द्यावं लागतं."

"अगं, मोर्चा आमच्या गेटवरून जाणार आहे."

"मग रस्ता तरी विचारावा लागणार नाही," ती म्हणाली.

रजेच्या अर्जात मी 'घरगुती कारण' असं लिहिलं. इतक्या वर्षांत ते कारण पहिल्यांदाच खरं होतं. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल, अशा अवतारात मी गेलो. निघतानाच्या पुकाऱ्याला मी नुसता हात वर केला, आणि हिराबायने माझ्या वतीने ओरडून टाकलं. मग आम्ही चाललो. शेजारच्या कुंभवली गावाकडून येणारे कामगार कडेला उभे राहून बघत होते. मोर्चा थांबला तो नेमका आमच्या कारखान्यासमोर. पुढे पोलिसांनी रस्ता अडवला होता. सगळे बसले. गेटवरचा वॉचमन, ज्याने इतकी वर्षं मला सकाळी सलाम ठोकला, तो दोन पावलं पुढे आला. "साब? आप उधर कैसे बैठे हो?" त्याच्या मागे काचेच्या खिडकीत आमचे दोन मॅनेजर दिसत होते. आणि तेवढ्यात दुसरा पुकारा सुरू झाला.

एकेक घर उत्तर देत होतं. "मास्तरांचा घर?" पुकारणाऱ्याने विचारलं. हिराबाय माझ्याकडे बघत होती. या वेळी ती ओरडली नाही. तिला तोवर सगळं समजलं असणार. वॉचमनचं ते 'साब' तिनेही ऐकलं होतं. तिने फक्त म्हटलं, "रुमाल काढ, बाबा. ऐकू नाय जानार."

मी रुमाल काढला. "हाय," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं असं मी म्हणणार नाही. पण ऐकू गेलं. पुकारणारा पुढच्या घराकडे वळला, हिराबायने डबा उघडून सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि मी माझ्याच गेटसमोर मांडी घालून जेवलो. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणी काही बोललं नाही. मॅनेजरांनी एक-दोनदा माझ्याकडे असं बघितलं, जसं नव्या मशीनकडे बघतात. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर हल्ली थोडी जास्त जागा असते. पाण्याबद्दल चौकशी करू असं मोर्चाला आश्वासन मिळालं आहे. मी माझ्यापुरतं एवढं केलं, की सांडपाण्याच्या टाकीवरचे जे आकडे मी आजवर नुसते सही करून पुढे पाठवायचो, ते आता आधी वाचतो आणि न पटले तर परत पाठवतो. फार मोठी गोष्ट नाही. पण झोप बरी लागते.

त्या गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यात मामांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मी वाट बघत होतो की आता जपान येईल, कोरिया येईल, निदान व्हिएतनाम तरी. त्यांनी फक्त माझा हात धरला, आणि तो धरूनच ठेवला. डॉक्टरांनी दुपारीच बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की काठी घेऊन घरातल्या घरात फिरतील, पण रस्त्यावरून चालणं वगैरे आता विसरा. ते तिने मामांना सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

"पुढच्या वेळी मी येतो," मामा म्हणाले. "तुम्हाला उगीच त्रास."

"या ना," मी म्हटलं. "घर तुमचंच आहे."