आबांची घागर, गच्चीवर

"काढ ती घागर भायेर! आत्तेच काढ!"

"आई, आता ओढली तर फुटेल. मुळांनी घट्ट धरलंय तिला."

"मंग माटीमा घाली कसाले? आबास्नी घागर शे ती! वांगास्नी नही!"

देवपूरच्या त्या गच्चीवरून सासू-सुनेचे आवाज पार गल्लीत पोचत होते. भिकुबाईंचा राग खरा होता. नवरा झुलालआबा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांच्या नावाने मातीची घागर भरली, वर खरबूज, गोड सांजोरी ठेवली, पूजा झाली. आणि आठवड्याभरात नूतनने ती गल्लीतल्या जुन्या घागरींसोबत चुकून वाफ्यात पुरून टाकली.

नूतन जामनेरची. गच्चीवर भाजी लावली तेव्हा तीही रोज मोटर लावून टाकी भरायची, नळीने पाणी सोडायची. निम्मं पाणी उन्हातच उडून जायचं. मग तिच्या लक्षात आलं, आखाजीला नवी घागर आली की जुनी अडगळीत पडते. दारोदार मागत फिरली.

"काय व, कुंभारवाडा टाकतेस का?" शेजारच्या बेबाबाई हसल्या.

"टाकला तर पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच, अक्का!"

गळ्यापर्यंत पुरलेली घागर भरून झाकली की पाणी आपोआप झिरपत मुळांना मिळतं. आता नळ येतो त्या दिवशी टाकी भरण्यापुरती मोटर चालते. एरवी गप्प. आणि मेच्या उन्हातही वांगी तरारलेली. हसलेल्या बेबाबाईंनी गुपचूप आपल्या गच्चीवरही दोन घागरी पुरल्यात.

"चुकलं माझं," नूतनचा आवाज नरमला. "बघून घ्यायला हवी होती. पण आई, पारोळ्याच्या शेतात आबा जन्मभर लाईटीमागे जागले. रात्री लाईट आली की उठून अंधारात विहिरीवर. तुम्हीच सांगता ना? या घागरीला ना लाईट लागते, ना मोटर. आबांच्या नावाचं पाणी चाललंय, अन् कुणाला जागावं लागत नाही."

भिकुबाई वाकल्या. झाकण उचललं. पाणी तळाला गेलं होतं.

"तुम्ही म्हणाल तर फोडून काढते. काढू?"

भिकुबाईंनी पदर खोचला. बादलीतून तांब्या भरून घागरीत ओतला. मग आणखी एक. झाकण नीट बसवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जिना उतरून गेल्या.