दाराएवढी जागा

इंग्रजांच्या काळात जिथे चोरून सभा भरायच्या, ते अकोल्याच्या जठारपेठेतलं वकिलांचं घर पाडून तिथे कॉम्प्लेक्स झालं. त्याच्या भिंतीपाशी एक म्हातारी फुलं विकते. नाव मी कधी विचारलं नाही. हार ओवता ओवता ती सुई दातात धरून गिऱ्हाइकाशी बोलते, निम्मं कळतच नाही.

एकदा मी तिच्या टोपलीशेजारच्या मोकळ्या जागेत उभा राहिलो, तर तिने सुई काढून खडसावलं, “बाजूले व्हा न भाऊ! दारात काहून उभे राहून राहिले?”

मागे नुसती सिमेंटची भिंत.

“इथे कुठे दार आहे, मावशी?”

“होतं न. दर दसऱ्याले त्याचं तोरण मीच आणून देत होती.”

या रस्त्यावर वीतभर जागेसाठी भांडणं होतात. तिच्या पाठीवर ऊन होतं, त्या मोकळ्या जागेत मात्र झाडाची सावली होती. म्हटलं, “मग तिथे सरकून बसा की.”

“दारात कोणी बसते काय?” ती म्हणाली आणि तिने पुन्हा सुई दातात धरली.

त्या घराचा एक फोटो मिळावा म्हणून मी गावभर फिरलो. मिळाला नाही. पण त्याचं दार केवढं होतं, ते मला रोज दिसतं.