कावळ्यासमोर कबूल केलेला कंप्युटर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. मधेच कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि ही गोष्टच अशी आहे की मधेच हसू येणार. माझ्याएवढा गाढवपणा अख्ख्या कडेगाव तालुक्यात दुसऱ्या कुणी केला असेल तर त्याला माझ्यासमोर आणा. त्याच्या चहाचे पैसे मी देतो.

आमचा दादा गेला. गेल्या उन्हाळ्यात. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी मोटरसायकलवरून घरी यायचा. एका शनिवारी निघाला आणि आला नाही. अजून वर्ष व्हायचंय. लोक मला सांगतात, देवाची इच्छा. मी म्हणतो, त्या दिवशी देवाला दुसरं काही कामच नव्हतं का? पण ते जाऊ द्या. त्यावर बोलायला लागलो तर चहा गार होईल.

दादाला एक नाद होता. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद कसला, तर बारक्या कंप्युटरचा. पत्त्याएवढी एक हिरवी पाटी असते बघा, तिच्यावर सगळा कंप्युटर बसवलेला. तसल्या पाट्या, वायरी, दिवे घेऊन रविवारभर खिडकीतल्या टेबलावर डाग देत बसायचा. घरभर सोल्डरचा वास. मी विचारायचो, हे करून मिळतं काय? तो म्हणायचा, मजा. आता मजेला कोण काय बोलणार?

मी नववी नापास. उसाचा ट्रॅक्टर चालवतो. इंजिन खोलायला सांगा, डोळे झाकून खोलतो. पण दादाच्या टेबलाला मी कधी हात लावला नाही. लावला असता तर त्यानं हात मोडला असता.

तर दहावा. ओढ्याच्या काठाला सगळं गाव. पिंड ठेवलेला आणि समोरच्या बाभळीवर एक कावळा. बसलाय आपला. खाली यायचं नाव नाही. तुम्हाला माहीत आहे, कावळा शिवला नाही की मग जो तो गेलेल्या माणसाला शब्द द्यायला लागतो. काही तरी राहून गेलंय, ते पुरं करतो असं सांगितलं की कावळा शिवतो म्हणतात.

आमचे चुलते, आण्णा, पुढं झाले. तुझ्या आईला काही कमी पडू देणार नाही म्हणाले. कावळा ढिम्म. आत्या म्हणाली, तुझ्या नावानं गावजेवण घालू. कावळ्यानं चोच पुसली. मग कुणी तरी म्हणालं, विक्याचं लगीन लावून दिऊ. विक्या म्हणजे मी. तर तो कावळा एक फांदी मागं सरकला! मी खोटं सांगत नाही, सगळ्यांनी बघितलं.

ऊन चढलं. आई खाली बसली. तिचं तोंड बघून मला संताप आला. कावळ्यावर नाही, दादावर. जिवंत होता तेव्हाही असाच. जेवायला बोलवा, पाच हाका मारल्याशिवाय टेबलावरून उठायचा नाही.

मी ओरडलो, "दादा, तुजं टेबलावरचं ते यंत्र मी पुरं करतो! आता ये, खा!"

आणि कावळा आला की हो. सरळ. जणू एवढ्यासाठीच थांबला होता.

माणसं रडली, आण्णांनी मला मिठी मारली, आई उठून उभी राहिली. आणि घरी येऊन मी टेबलासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते यंत्र कशाचं आहे हेच मला माहीत नाही.

कुणालाच माहीत नव्हतं. एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोकं पाडलेली. आत एक बारका स्पीकर, थोड्या वायरी आणि बाकी सगळी मोकळी जागा. दादानं कुठं काही लिहून ठेवलेलं नाही. माझा संताप बघा: मरायची घाई, पण चार शब्द सांगून जायला नको?

पण गावाला थोडंच कळतंय? रस्त्यात भेटेल तो विचारणार, यंत्र झालं का. कुणी म्हणायचं मोटार चालू करायचं असेल, कुणी म्हणायचं चोर पकडायचं. आण्णांनी तर कारखान्यावर सांगून टाकलं की आमच्या पोराचं यंत्र उसाची तोड कधी येणार ते आधीच बोलून दाखवतं. त्यासाठी दोघं जण घरी येऊन गेले. मी त्यांना हाकलून दिलं.

आई मात्र काही विचारायची नाही. रोज सकाळी टेबल पुसायची, डब्याभोवतीनं फडकं फिरवायची, डबा हलू द्यायची नाही. ते मला बघवत नव्हतं. कावळ्याला दिलेला शब्द एक वेळ बाजूला ठेवा, पण त्या बाईच्या फडक्यापुढं काय करायचं?

मग एक दिवस मी डबा उघडून नीट बघितला. कंप्युटर कुठं आहे यात? कुठंच नाही. एक नखाएवढी निळी पट्टी तेवढी लोंबत होती. म्हटलं, हेच राहिलंय तर! दादाला कंप्युटर बसवायचा होता आणि तेवढ्यात गेला. निळी पट्टी मधे मधे येत होती, ती उपटली आणि ट्रॅक्टरच्या पेटीत टाकली. आणि गेलो सांगलीला.

सांगलीत दादाचा दोस्त इम्रानभाई. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि असल्या पाट्याही ठेवतो. दादा सगळं त्याच्याकडूनच न्यायचा. मी म्हटलं, कंप्युटर द्या, दादाचं यंत्र पुरं करायचंय. त्यानं काउंटरवर पाच-सहा मांडले. बारका, मधला, मोठा. आणि विचारलं, काम काय आहे?

आता काय सांगणार? माहीत नाही म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, सगळं काम.

त्यानं मला शांतपणे समजावलं. दिवा लावायचा, घंटी वाजवायची, मोटार चालू-बंद करायची तर सगळ्यात बारका बस्स होतो, स्वस्तही पडतो. टीव्हीला जोडून चित्र बघायचं, नेट चालवायचं, तर मोठा लागतो. मोठ्याला वेगळा चार्जर, वेगळं कार्ड, वर गरम होतो म्हणून पंखा. हौसेच्या कामाला आधी काम ठरवायचं, मग बोर्ड. शिकायला आलेली पोरं उलटं करतात आणि पैसे घालवून बसतात.

मी विचारलं, यातला सगळ्यात ताकदीचा कुठला?

"गड्या, ही काय ट्रॅक्टरची ताकद हाय व्हय? डब्यात काय काय हाय ते तरी सांग. न्हाईतर डबाच घिऊन ये, मी बघतो."

झालं. माझं डोकं सणकलं. दादाचा डबा मी दुकानात आणून दाखवायचा? माझ्यावर भरवसा नाही? आणि बारका घ्यायचा, दादाच्या यंत्राला? ट्रॅक्टर घेताना कुणी कमी ताकदीचा घेतं का? मी म्हटलं, भावासाठी घेतोय, स्वस्तातलं दाखवू नका. त्यानं बाकीचे बोर्ड उचलून ठेवले. मोठा बोर्ड खोक्यात घातला आणि जाताना एवढंच बोलला, पाच व्होल्टच्या वर देऊ नकोस. ट्रॅक्टरच्या टायरसाठी ठेवलेले सगळे पैसे तिथं गेले.

घरी आलो तर अंगणात माणसं. आण्णांनी आवतण देऊन ठेवलं होतं! नारळ, हळदकुंकू, सतरंजी. आत्यानं त्या बोर्डाला चांगलं पाची बोटांनी हळदकुंकू लावलं. मीही अडवलं नाही. ट्रॅक्टरला लावतोच की आपण.

आता पाच व्होल्ट. मी विचार केला, पाच व्होल्टमध्ये काय होतंय? एवढा सगळ्यात ताकदीचा घेतलेला, आणि त्याला उपाशी ठेवायचं? ट्रॅक्टरची बॅटरी बाराची. तिच्यावर दिवे चालतात, हॉर्न चालतो, स्टार्टर फिरतो. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. ह्यात माझं कधी चुकलेलं नाही.

आण्णांनी नारळ फोडला. मी वायर टेकवली.

चट् आवाज झाला आणि बोर्डातून धूर निघाला. निळसर, बारीक, सरळ वर. सगळे बघत राहिले. मी पण.

मागून एक म्हातारबा समाधानानं म्हणाले, "डासासाठी केलंय जणू."

आणि ऐका, लोकांना ते पटलं! आण्णा म्हणाले, व्हय व्हय, पोराला डासांचा लय तरास व्हायचा. एकानं तर धुराकडं तोंड करून हातही जोडले. मी बॅटरीला लाथ घातली, माणसं हाकलली, आण्णांनाही बोललो. बोलायला नको होतं तेही बोललो. आईनं सतरंजीची घडी घातली आणि आत गेली. त्या घडीचा मला फार राग आला. म्हणजे, आईचा नव्हे. तुम्हाला कळतंय.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि सांगलीला भांडायलाच गेलो. जळका बोर्ड काउंटरवर आपटला. म्हटलं, मेलेल्या दोस्ताच्या भावाला खराब माल देता? लाज वाटत नाही?

इम्रानभाईनं बोर्ड उचलला, उलटा केला, वास घेतला. मग चष्मा वर करून विचारलं, "ह्याला कुकू कुणी लावलं?"

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. मी त्याच्या अंगावर गेलो. इम्रानभाई मधे आला, मला धरून मागच्या खोलीत नेलं, आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाला, "तुला खरंच ठावं हाय का, त्यानं काय करायला घेतलं होतं?"

मी न्हाई म्हणालो. एवढा एक शब्द बोलायला मला अख्खा ट्रॅक्टर ओढल्यासारखं झालं.

तो म्हणाला, मलाबी न्हाई. पुरं झाल्यावर दाखवतो म्हणाला होता.  मग त्यानं मला शिव्या दिल्या. दादाच्या नावानंही दिल्या. जरा बरं वाटलं.

दुकानाच्या सुट्टीला तो आमच्याकडं आला. डबा उघडला आणि लगेच म्हणाला, एवढासा स्पीकर, त्याच्या शेजारी हा आवाज ऐकणारा मणी. ह्याला मोठा कंप्युटर कशाला लागतोय? ह्यातली बारकी निळी पट्टी कुठाय? तिच्यावरच कार्ड असणार.

मी विचारलं, कसली पट्टी?

"ह्यातला कंप्युटर. तोच की."

तुम्ही हसणार हे मला माहीत होतं. हसा. ते यंत्र पुरं होतं. दादानं कधीच पुरं केलं होतं. त्याचं डोकं मीच उपटून पान्यांच्या पेटीत टाकलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं डोकं आणून सगळ्या गावासमोर, नारळ फोडून, जाळलं होतं.

पळत गेलो. पेटी अंगणात पालथी केली. पाने, नट, चिंध्या, आणि सगळ्यात खाली ग्रीसमध्ये लडबडलेली निळी पट्टी. ग्रीसमुळं ती हातातनं दोनदा निसटली. इम्रानभाईनं ती पुसून काढली, परत डाग दिले, आणि आईच्या मोबाईलचा साधा चार्जर जोडला. पाच व्होल्टचा.

हिरवा दिवा लागला. बाकी काही नाही.

इम्रानभाई म्हणाला, हे आवाजावर चालत असणार. मोठ्यानं काही तरी बोल. ओरड.

आता बघा. ओरडायला सांगतायत कुणाला? मला! ज्याचा आवाज शिवारातून गावात येतो त्याला. मी तोंड उघडलं.  इम्रानभाई बघतोय, आई चौकटीत उभी, आणि मी पकडलेल्या माशासारखी नुसती तोंडाची उघडझाप करतोय.

तेवढ्यात शेळी माजघरात शिरली आणि सुपातल्या ज्वारीत तोंड घातलं. आमची आई, जिनं जन्मात आवाज चढवला नाही, ती केवढ्यांदा खेकसली, "हाड!"

आणि डबा बोलला. दादाच्या आवाजात. जरा वैतागलेला, जरा हसू दाबलेला, अगदी तोच.

"विक्या, हळू. शेजारी माणसं राहत्यात."

शेळी जेवत राहिली. तिला कुणी हाकललंच नाही.

माझ्यासाठी केला होता हो डबा! माझ्या ओरडण्यावर औषध म्हणून. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "आता वरड की रं. रोजचा वरडतोस, आनि आज गप बसलाय व्हय?"

मला जमेना. मग तिनंच ताट उचललं आणि फरशीवर टाकलं.

"विक्या, हळू. शेजारी माणसं राहत्यात."

तेव्हापासून आमच्या घरात शांतता नाही. त्या डब्याला ओरडणारा कोण हे कुठं कळतंय? कुकरची शिट्टी झाली, विक्या हळू. आण्णा शिंकले, विक्या हळू. आणि आईचा हात हल्ली फार निसटतो. ताट पडतं, तांब्या पडतो, दिवसातून किती वेळा ते मी मोजत नाही.

परवा शेजारच्या काकूंनी मला रस्त्यात अडवलं आणि सगळ्यांदेखत झापलं. म्हणाल्या, तुझी आई बिचारी दिवसभर कुणाला तरी तुला समजवायला लावतीय, आणि तुझा आरडाओरडा काय थांबत न्हाई. जरा लाज धर.

आठवडाभर मी ऊस घेऊन इस्लामपूरला होतो. पण काकूंना कोण सांगणार, आणि सांगायचं म्हटलं तर आवाज चढणारच.