प्रेसखालचा पहिला हात

शेजाऱ्यांकडे बाळकुमहून माझ्यासाठी फोन आला. मढवींची मुलगी होती. "ताई, बाबा गेले..." आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कुठल्या कारखान्यात?" ती बिचारी गोंधळली. "घरीच गं, झोपेत." मी मटकन खालीच बसले. इतकी वर्षं ज्या फोनची धास्ती घेतली होती, तो हा नव्हताच.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत मढवींचं आणि माझं छोटंसं वर्कशॉप. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये कामगारांची बोटं जायची, म्हणून आम्ही एक पेटी बनवायचो. प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा. त्यात हात शिरला की खाली येणारी प्रेस जागच्या जागी थांबली पाहिजे. सर्किट मढवींचं, मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम माझा. पेटी बसवली की पहिली चाचणी काकडीवर. काकडी वाचली की मढवी बाही सरसावायचे, "आता माझा हात."

"अहो, अजून एक काकडी घाला ना!" मी अगदी रडकुंडीला यायचे.

"उद्यापासून प्रेसवरच्या माणसाचा हात आत जाणार. त्याला काय काकडीचा दाखला देऊ?"

माझी एक ओळ चुकली असेल तर... पुढचा विचारच नको वाटायचा.

शहाडला एकदा शेजारीच वेल्डिंग चाललं होतं. मढवींनी हात घातला आणि नेमका त्याच वेळी वेल्डिंगचा झटका लाईनमधून येऊन मायक्रोकंट्रोलर ठप्प! प्रेस खाली येतच राहिली... आणि बोटांच्या वर थांबली. वाचवलं ते मढवींनी बाजूला लावलेल्या लॉजिक चिपने. पडदा तुटला की प्रेस थांबवायची, एवढंच तिच्यात भरलेलं. प्रोग्रॅम चालो न चालो.

"मरायचंय का तुम्हाला?" मी सगळ्यांसमक्ष ओरडले. ते हसले. "अगं, माझी पण टरकते. म्हणून तर दोन-दोन बंदोबस्त करतो."

आमची दोघांची शेवटची पेटी मढवी गेल्यावर, मागच्या आठवड्यात, खोपटजवळच्या एका कारखान्यात बसवली. काकडी वाचली. आता हात घालायला मढवी नव्हते. प्रेसवरचा कामगारच म्हणाला, "मॅडम, मी घालतो हात."

"थांब रे," म्हटलं आणि बांगड्या काढल्या. प्रेस खाली यायला लागली, मी हात आत घातला आणि किंचाळले, "मढवी!"

प्रेस थांबली होती. हात मात्र मला लवकर काढवेना.