आमच्या मेहुण्यांचा निःपक्षपात

परभणी जिल्ह्यात निःपक्षपात नावाची काही वस्तू असेलच, तर ती सगळीच्या सगळी आमच्या मेहुण्यांकडे आहे. इतरांच्या वाट्याला तिचा कणही उरलेला नाही. नोकरीतून निवृत्त होताच त्यांनी माडीवरच्या खोलीत धोरण अभ्यास केंद्र उघडले आणि त्या दिवसापासून स्वतःचे मत बाळगणे सोडून दिले. लग्नाला गेले, की वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकतात. परिणामी दोन्हीकडचे वाढपी त्यांना पलीकडचे पाहुणे समजतात आणि ते उपाशी परततात. वरण खारट झाले, तरी 'मिठाच्या बाजूनेही काही मुद्दे आहेत' असे बजावतात. त्यांच्या पत्नी म्हणतात, "ह्यांना विचारून लगीन ठरवलं असतं, तर अहवाल अजून आलाच नसता!" चांगल्या अहवालाची त्यांची कसोटी एकच : दोन्ही बाजूंनी सारख्याच शिव्या पडल्या पाहिजेत.

अलीकडेच एका संस्थेने त्यांना पोखर्णीच्या वाटेवरील एका गावाचे काम दिले. गायरानाला कुंपण घालून झाडे लावावीत, की ते शेळ्यांना मोकळे ठेवावे, असा प्रश्न होता. कुंपण घातले गेले, तर शेळ्या विकण्यावाचून गत्यंतर नाही, अशी घरे श्वास रोखून बसली होती. मेहुणे निघाले ते स्वतःची सतरंजी, पाणी, भाकरी आणि मला सोबत घेऊन. कुंपणवाल्या बागायतदारांचा चहा त्यांनी नाकारला, आणि शेळ्या राखणाऱ्या आजीचाही. का, तर निष्कर्षावर परिणाम होतो.

"चहानं मानूस फिरतंय व्हय?" आजी कडाडली. "पानी पेत न्हाई, बाजंवर बसत न्हाई, आन आमचं दुखनं लिवायला आलाय! जा बाबा, आमाला लय कामं हायेत."

दोन्हीकडे गावाने तोंड मिटले. अखेर मेहुण्यांनी धोरण बदलले : इकडचा एक कप, की लगेच तिकडचा एक. दिवस कलेपर्यंत त्यांच्या पोटात चहाचा तलाव झाला. गाव मात्र बोलू लागले. कितव्या तरी कपाला बागायतदारच सहज म्हणाले, "शेळ्या पिकात घुसत्यात साहेब. चरायला जागा नसली, की लोक त्या विकत्यात, म्हणून कुंपण पायजे. झाडाचं म्हणाल, तर खाली सगळा मुरूम हाय. तिथं काय जगायलंय!"

अहवाल ठरला : गायरान मोकळे ठेवावे. ग्रामसभेत तो वाचताच बागायतदारांनी उर्दू-मराठीत शिव्यांची अशी काही सरबत्ती केली, की मेहुण्यांचा चेहरा उजळला. आता दुसऱ्या बाजूच्या शिव्यांसाठी ते कान टवकारून बसले. आजी उठली आणि म्हणाली, "लेकरू खरं बोललं."

मेहुणे पांढरेफटक पडले. "दाजी, एक बाजू खूश झाली! म्हणजे कुठं तरी चुकलंय."

सत्य नेहमी रस्त्याच्या मधोमधच चालते, असे मी माझ्या मास्तरकीत कोणत्याही इयत्तेला शिकवलेले नाही. पण ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यांनी अहवाल ओळीओळीने तपासला. चूक सापडेना. शेवटी जसाच्या तसा पाठवला. गायरान मोकळे राहिले. संस्थेने मात्र अहवालाला 'एकतर्फी' ठरवले, आणि केंद्राकडे पुन्हा काम आले नाही.

परवा माडीवर बसलो असता त्यांनी माझा हात धरून हळूच विचारले, "दाजी, ती म्हातारी खूश झाली, त्यात माझी चूक नव्हती ना?"

"मुळीच नाही," मी म्हणालो.

"तुम्ही पडलात घरचे. तुमचं मत धरता येत नाही," असे म्हणून ते हसले, पण माझा हात मात्र त्यांनी बराच वेळ सोडला नाही.