आवाजासाठी घेतलेला लॅपटॉप

ऑफिसात त्याला सगळे फॉरमॅटराव म्हणत. कोणाचाही कॉम्प्युटर कुरकुरला, की याचा उपाय ठरलेला: सगळं पुसायचं आणि सिस्टीम नव्याने टाकायची. "आधी बाकीच्या डिस्क काढा, मग पुसा," हे तो इतक्यांदा सांगे, की नवी मुलं त्याची नक्कल करत. पण पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्याचे वडील शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातून आईसाठी मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवत. त्यात प्रेमाचं अक्षर नाही, नुसती कटकट. "गॅस बंद केलास का? मागच्या दाराला कडी घाल. माझ्या खुर्चीवर कपडे टाकू नकोस." ते गेले, मागोमाग मोबाईलही बिघडला, पण बोलणं तोवर लॅपटॉपवर घेतलेलं होतं. आई ते रोज संध्याकाळी ऐके आणि मधेच उठून खरंच कडी बघून येई. पुढे तिला कमी ऐकू येऊ लागलं, लॅपटॉपही खरखरू लागला. म्हणून त्याने चांगल्या स्पीकरचा नवा घेतला. जुन्यातलं सगळं एका सुट्या डिस्कवर उतरवलं आणि जुना पुसून दुकानात बदलीत दिला.

नव्या लॅपटॉपात कंपनीने नाही नाही ते भरून दिलेलं. तसाच वापरला तर तो फॉरमॅटराव कसला? नवी सिस्टीम टाकायला पेनड्राइव्ह लावून बसला; वडिलांचं बोलणं लगेच उतरवायचं म्हणून सुटी डिस्कही जोडलेलीच होती.

"झालं का रे?" आईने खुर्ची जवळ ओढली.

"झालंच," म्हणत त्याने पाहिलं. पडद्यावर एकच डिस्क दिसत होती. ती लॅपटॉपचीच, असं धरून त्याने पुसली. काही नव्या लॅपटॉपांची आतली डिस्क ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखणारा छोटा प्रोग्राम, दिल्याशिवाय दिसतच नाही, हे दुसऱ्या कोणाचं काम असतं तर त्याला आधी आठवलं असतं. सिस्टीम उतरू लागली आणि टेबलावरच्या सुट्या डिस्कचा दिवा लुकलुकू लागला. पुसली होती ती हीच. त्याने वायर उपटली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मित्रांनी नाना खटपटी केल्या. जुनी बिलं परत आली, कोणाकोणाच्या लग्नाचे फोटोही आले. वडिलांचं बोलणं तेवढं आलं नाही.

शेवटी त्याने आईला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझा आवाज त्यांच्यासारखाच आहे, सगळे म्हणतात," ती म्हणाली. "आतल्या खोलीत जा. मला दिसू नकोस. तिथून बोल."

तो आत गेला आणि दाराआड उभा राहिला. घसा खाकरून, वडिलांसारखाच जरा चिडक्या सुरात म्हणाला, "गॅस बंद केलास का?"

आईला कमी ऐकू येतं, हे त्याला आठवलं. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"नाही रे," आई म्हणाली. "तूच आहेस. ये बाहेर."